कडुबाच्या गळ्याचा हर्रास

कडुबा शेजूळ पुकारायचा आणि मी लिहायचो. जाधववाडीच्या भाजी मार्केटात एकाच अडत दुकानात आम्ही सव्वीस वर्षं अशी काढली. लिलावाला आमच्याकडं अजूनही हर्रास म्हणतात. मालाचा ढीग, भोवती खरेदीदारांचं कोंडाळं, मध्ये कडुबा आणि त्याच्या उजव्या हाताला पावतीबुक घेतलेला मी. औरंगपुऱ्यातल्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन आलो तेव्हा या गलक्यात आपल्याच्यानं एक ओळ धड लिहून होणार नाही, असं मला वाटलं होतं. पण "तीन वार" म्हणून सौदा तुटला, म्हणजे पक्का झाला, की कडुबा आधी माझ्या पेनाकडं बघायचा. पेन कागदावरून उचललं गेलं की मगच पुढच्या ढिगाकडं वळायचा. खरेदीदार ओरडायचे, "चल ना कडुबा, ऊन व्हायलंय!" तर म्हणायचा, "भाऊसाहेबाचं लिवणं होऊ द्या. तुमचं काय, दुपारी म्हणसाल, मी बोललोच नव्हतो." माझ्या नोंदी चुकल्या नाहीत, याचं निम्मं श्रेय त्याचं. येत्या मार्चमध्ये मी काम सोडतो आहे. त्याआधी हे लिहून ठेवावं असं वाटलं.

त्याचे आणखी दोन नियम होते. कोथिंबीर आली की ती सुकायच्या आत, सगळ्यात आधी काढायची, दोन-तीन बोल्यांत तोडायची. आणि ज्यानं ढिगात हात घालून माल पाहिला नाही, त्याची बोली कितीही मोठी असो, धरायची नाही. "न बघता बोलणारा उचलायला येत नाय," असं तो सांगायचा.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा आवाज बसला. कांद्याचा फोफाटा घशात गेलाय, असं म्हणून त्यानं दोन महिने काढले. विडी चालूच होती. मग एका सकाळी टोमॅटोचा हर्रास चालू असताना माझ्या लक्षात आलं, की लोक एकेक पाऊल पुढं सरकत आमच्या अंगावर आलेत. कोणी कोणाला ढकललं नव्हतं. कडुबाचं त्यांना ऐकूच येत नव्हतं. एरवी त्याचा आवाज पार गेटापर्यंत जायचा.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर करुणा यांनी दुर्बीण घालून घसा पाहिला, तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या आठवड्यात कडुबा, त्याची बायको चतुराबाई आणि मी असे तिघं त्यांच्यासमोर बसलो. स्वरयंत्राचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला.

"काका, दोन रस्ते आहेत. पहिला ऑपरेशनचा. स्वरयंत्र काढावं लागेल. मूळचा आवाज जाईल, आणि श्वास कायमचा गळ्यातल्या छिद्रातून घ्यावा लागेल. बोलण्यासाठी नंतर छोटा व्हॉल्व्ह बसवता येतो. दुसरा, किरणांचे शेक. पस्तीस वेळा, सोबत आठवड्याला सलाइनमधून औषध. स्वरयंत्र वाचू शकतं. पण आजार उरला किंवा परत आला, तर ऑपरेशन करावंच लागेल, आणि तेव्हा ते जास्त अवघड असेल."

"बरं होण्याचे किती टक्के?" कडुबानं विचारलं.

डॉक्टरांनी दोन्हीचे अंदाज सांगितले. फार फरक नव्हता. आणि त्यांनी बजावलं, "ठरवायला आठ दिवस घ्या. महिना घेऊ नका."

उपचार सरकारी योजनेत बसत होते, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. अडचण आम्हीच केली. बाहेर आल्यावर कडुबा म्हणाला, "भाऊसाहेब, एकाच बोलीवर माल सोडत असतेत का?" मला ते पटलं. घरी येऊन मी एका मोठ्या कागदावर तक्ता आखला. आडवी हॉस्पिटलं, उभे रकाने: आवाज, जेवण, धोका, टक्के. मग आम्ही फिरायला लागलो. जालना रोडवर दोन डॉक्टर झाले. मग पुणे झालं, मुंबई झाली. प्रत्येकाचं म्हणणं थोड्याफार फरकानं तेच. पण कडुबाचं लक्ष फक्त शेवटच्या रकान्याकडं. कुणी पाच टक्के जास्त सांगितले की म्हणायचा, "बघा, चढली की नाय! आणखी एक जागा बघू." त्याचा मुलगा सुदर्शन शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्ट्या काढून काढून थकला. मी मात्र तक्ता नीट भरत होतो. बोली लावणारे वाढले तरी माल तिथंच सडतोय, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

पाच आठवडे गेले. मग कोणीतरी फर्दापूरकडच्या एका औषधवाल्याचं नाव सांगितलं. आम्ही गेलो. त्यानं रिपोर्टची पिशवी उघडली नाही. काढ्याच्या बाटल्या पुढं सरकवून म्हणाला, "ऑपरेशन नाही, शेक नाही. आवाज पहिल्यासारखा होईल. शंभर टक्के."

कडुबाचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत तो शब्द कोणीच उच्चारला नव्हता: पहिल्यासारखा. बाटल्या घेऊन आम्ही निघालो. मी गाडीतच तक्त्यात शंभर लिहिलं.

सिल्लोडला चहाला थांबलो. कडुबानं चहा बशीत ओतला, पण बशी काही उचलली नाही. घोट घेतला की दुखायचं. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, त्या गड्यानं माझ्या तोंडात तरी बघितलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"रिपोर्ट?"

"पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही."

चतुराबाई इतके दिवस सगळीकडं पाठीमागं बसून यायची, कधी काही बोलली नव्हती. आता बोलली. "आव, तुमच्या बाजारात असा गडी आला असता तर त्याची बोली धरली असती का तुमी? आन पाच हप्ते झाले. कोथिंबिरीला तरी एवढं थांबला असता का? माणूस काय दगड हाय, पडून ऱ्हायला?"

 कडुबानं बाटल्यांची पिशवी हॉटेलच्या बाकड्याखाली सारली आणि ती तिथंच राहिली. गाडीत बसल्यावर मी तक्त्यातलं शंभर खोडलं. सव्वीस वर्षांत केलेली ती पहिली खाडाखोड.

परत गेलो तेव्हा डॉक्टर करुणा रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. त्यांनी गळ्याचा नवा फोटो काढायला लावला आणि तो दोनदा पाहिला. "गाठ वाढली आहे," त्या म्हणाल्या. "पण कूर्चा, म्हणजे घशाचं मऊ हाड, फोडून बाहेर गेलेली नाही. दोन्ही रस्ते अजून उघडे आहेत. आणखी महिनाभर थांबला असता तर कदाचित नसते."

मग कडुबानं पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला. "मॅडम, शेक घेतले तर हर्रासाचा आवाज राहील का?"

"नाही, काका. तो गेला असं धरा. घरात बोलण्यापुरता राहू शकेल. घोगरा का होईना."

त्यानं मान खाली घातली. मला तेव्हा कळलं, की आम्ही पाच आठवडे टक्के शोधत नव्हतो. या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा कोणीतरी तो शोधत होता, आणि तसा एकच भेटला होता.

चतुराबाई म्हणाली, "घरातला आवाज? तीस वर्षं झाली, ह्यांनी घरात आवाज लावलाय कवा? ‘च्या टाक’ आन ‘निजू दे’. तेवढंच ऐकलंय म्या."

डॉक्टर हसल्या. कडुबाही हसला, मग खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "मंग तो तर कोराच पडलाय, मॅडम. वापरलाच नाय. तोच ठेवा."

"म्हणजे शेक?"

"व्हय. आन तुम्ही म्हणाल तवा तपासायला येतो. उद्या ह्यानं नाय भागलं तर कापा. तवा म्या दुसरी बोली बघत फिरणार नाय."

टेबलावर बोटानं टक टक करत तो म्हणाला, "एक वार. दोन वार." पुढं आवाज फुटेना. 

"तीन वार," चतुराबाई म्हणाली.

पस्तीस शेक सोपे नव्हते. गळ्याची कातडी काळी पडली, तोंडाला चव राहिली नाही, महिनाभर तो ज्वारीच्या आंबिलीवर होता. वजन इतकं उतरलं, की सदऱ्यात दुसरा कडुबा मावला असता. माझा तक्ता चतुराबाईनं मागून घेतला होता. त्याच्या कोऱ्या पाठीवर ती एकेका शेकाला कुंकवाच्या बोटानं एक रेघ ओढायची. आमच्या सगळ्या टक्क्यांपेक्षा त्या पस्तीस रेघांचा उपयोग जास्त झाला.

त्याला आता सात-आठ महिने झाले. परवाच्या तपासणीतही आजार दिसला नाही. पुढच्या तपासण्या चालू राहणार आहेत, आणि त्याबद्दल तो कधी कुरकुरत नाही. विडी सुटली. घरात आता तो इतकं बोलतो, की चतुराबाई मला फोनवर म्हणते, "भाऊसाहेब, घिऊन जा वो ह्यांना बाजारात, डोकं उठलंय." तिच्या त्या तक्रारीसारखं सुखाचं काही मी अलीकडं ऐकलेलं नाही.

काल तो खरंच आला. आता सखाराम पुकारतो. आवाज खणखणीत आहे, पण घाई फार. एक ढीग तुटला की लगेच पुढचा, आणि मी मागं राहतो. कालही कोबीच्या ढिगाचं लिहीत असताना त्यानं पुढची बोली सुरू केली. तेवढ्यात कोंडाळं गप्प झालं. वर पाहिलं तर कडुबा माझ्या उजव्या हाताशी उभा होता, गळ्याला मफलर, एक बोट वर. तो काहीतरी बोलत होता, आणि ते ऐकायला सगळा बाजार एकेक पाऊल जवळ सरकला होता.

"थांबा जरा," तो म्हणत होता. "भाऊसाहेबाचं लिवणं होऊ द्या."

मी सावकाश ओळ पुरी केली आणि पेन उचललं.