दादाला पाजलेला अर्जुनाचा काढा

रक्त पातळ करणाऱ्या वनस्पतींवर लिहायचं ठरवलं आणि यवतमाळला थोरल्या भावाकडे उतरलो. दादाच्या हृदयाची झडप बदलली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला रोज लागते. वहिनींचं माहेर पुसदजवळचं. तिघंही निघालो.

दारव्हा, दिग्रसमार्गे एसटीने गेलात तर दिग्रसला जरूर उतरा. तर्री घातलेला आलूबोंडा खाऊन बाजारात शिरलो. अर्जुनाची साल स्वस्तात मिळाली, गावरान लसूणही घेतला. गोळी आणि साल, दोन्ही एकाच कामाची; सोबत घेतली तर फायदाच, असं मी दादाला ठासून सांगितलं.

"भाऊजी, डॉक्टरले विचारून घ्या न एकदा," वहिनी म्हणाल्या.

"अवं, माहा भाऊ पेपरात लिहिते," दादा हसला. "त्याले इतकंही समजत नसन का?"

सुखावून मीही हसलो.

माहेरचं घर शेतातच, दारापर्यंत कपाशी. जेवायला भाकरी आणि जवसाची झणझणीत चटणी. रोज सकाळी मी चुलीवर साल उकळायचो, त्यात लसूण ठेचून टाकायचो.

"लिहिणारा तू अन् कडू पेणारा मी! बरं आहे बे तुहं," म्हणत दादा पेला रिकामा करायचा.

चौथ्या सकाळी दाढी करताना त्याच्या गालाला जरासं लागलं. दाबून धरलं तरी रक्त थांबेना. मग हिरड्यांतूनही येऊ लागलं. वहिनींच्या भावाच्या गाडीतून पुसद गाठलं. रस्ता चांगला होता एवढंच आठवतं.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, "गोळीसोबत दुसरं काही घेतलं?"

दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "काहीच नाही," म्हणाला.

मला वाचवायला तो खोटं बोलला, आणि मी बोलू दिलं. त्याच्या हनुवटीखालचा रुमाल लाल होत होता आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा होतो.

"काढा घेऊन राह्यले," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी. भाऊजी करून देतात."

बाईंचा आवाज चढला नाही. "गोळीचं माप आम्ही रक्त तपासून ठरवतो. वरून हे घेतलं की ते माप राहत नाही." तपासणीत रक्त फारच पातळ निघालं. इंजेक्शन दिलं, दादाला भरती करून घेतलं. दोन दिवसांनी सोडलं.

तुम्ही या भागात जा. चटणी खा, बाजार हिंडा. पण कुणाची अशी गोळी चालू असेल, तर त्याच्या हातात साल, पाला, काढा काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दिलंच असेल, तर विचारताक्षणी सांगा.

मी नागपूरला परतलो. दादा आता बरा आहे. फोन लावला की वहिनीच उचलतात. पूर्वी अर्धा तास बोलायच्या. आता "देते हं त्यांना," एवढंच म्हणतात.