खालच्या कप्प्यातलं यीस्ट

ओडील क्लिंगर आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत होती. स्ट्रासबुर्गमधल्या या इमारतीत तिची उमेदीची सगळी वर्षं यीस्ट वाढवण्यात गेली, तीही मुदतीच्या नोकरीवर.

यीस्टच्या पेशीत डीएनएचे काही तुकडे असतात. ते आपली प्रत काढून भलत्याच जागी नेऊन बसवतात. अशी उडी क्वचितच पडते. किती वेळा, ते मोजणं हे ओडीलचं काम. तिच्या यीस्टला अशी खूण घातलेली होती, की उडी पडलेली पेशीच एक पोषक घटक वगळलेल्या प्लेटवर जगे आणि तिचा पांढरा ठिपका उमटे. ठिपके मोजायचे, एकूण पेशींशी ताडायचे, पुन्हा पेरायचं. डोळे शिणले, मान दुखून गळ्यात पट्टा आला.

एक जनुक काढलं की या उड्या जवळपास थांबतात, असं तिला दिसलं. परत करून पाहिलं, तेच. प्रयोगशाळेचा प्रमुख तिएबो खूश झाला. शोधनिबंध लिहून तयार झाला.

त्या उन्हाळ्यात यीस्ट वाढवायच्या थंड कपाटाचा वरचा कप्पा भरला, म्हणून तिनं तुलनेसाठीचं साधं यीस्टही खाली ठेवलं. त्याच्याही उड्या आटल्या. मग तिनं खाली थर्मामीटर ठेवून पाहिला. मोटरीच्या धगीनं तिथे ऊब धरत होती, आणि उबेत या उड्या पडत नाहीत हे आम्हां सगळ्यांना ठाऊक. जनुक काढलेलं यीस्ट ती पहिल्यापासून खालीच ठेवत आली होती.

तिनं तिएबोला सांगितलं.

"सप्टेंबरात तुझी मुदत संपतेय, ओडील. निबंध छापायला गेला नाही तर मला काही करता यायचं नाही."

"माहीत आहे रे. म्हणून तर आत्ता सांगतेय. नंतर निस्तरायला मी कुठे असणार?"

तिनं दोन्ही यीस्ट एकाच कप्प्यात ठेवून प्रयोग पुन्हा केला. फरक उरला नाही. निबंध गेला नाही. सप्टेंबरात तिच्या निरोपाला आम्ही केक कापला, वाइन प्यालो; ओडील खुर्चीतच पेंगली, आणि तिला कुणी उठवलं नाही.

आता ती कोलमारजवळ एका द्राक्षबागायतदारांच्या संघात वाइनचं यीस्ट तपासते. परवा इथल्या बाजारात भेटली. तिकडं कसं चाललंय, म्हणून विचारलं.

"तेच यीस्ट," ती म्हणाली, "आणि मान दुखायची ती दुखतेच."

मी तिची बटाट्यांची पिशवी ट्रामपर्यंत नेऊन दिली.