नऊ दिवसांची वात

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत ते सांगते. मेणबत्तीच्या मधल्या दोऱ्याला वात म्हणतात. समईतली वातच, कंदिलातली पट्टी वातच, फटाक्याचं शेपूटही वात. आणि खोल जखमेत डॉक्टर औषधाची पट्टी भरतात, तिलासुद्धा वात म्हणतात.

हे शेवटचं मी गेल्या नवरात्रात तुमच्या आत्याआजींसमोर बोलायला नको होतं. दसऱ्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यासाठी त्यांचं मन वळवता वळवता माझी दोन वर्षं गेली होती. त्या मोखाड्याहून आमच्याकडे जव्हारला आल्या होत्या. जखमेतली वात ऐकून त्यांनी देवघराकडे बोट दाखवलं.

"वहिनी, देवीपुढचा दिवा नऊ दिवस टिकला, तर मी टेबलावर चढेन. मध्येच विझला, तर काठी टेकत मोखाड्याला परत."

मी लगेच वेळापत्रक केलं. सकाळी सातला नवी वात, मग दर तीन तासांनी दोन चमचे तेल. ते देवघराच्या दाराला चिकटवलं. वन्संनी ते वाचलंच नाही. त्या येता-जाता भक्तिभावानं तेल घालत. तुमच्या आजोबांनी वाचायचा प्रयत्न केला, पण चष्मा सापडला नाही, म्हणून तेही अंदाजानं घालत.

सातव्या दिवशी वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. मी दहाचे दोन चमचे अगदी वेळेवर घातले. दिवा काठोकाठ भरला, वात अलगद घसरून तळाशी गेली आणि ज्योत गेली. तिघांच्या काळजीनं दिवा बुडाला.

जामसरहून कामाला येणाऱ्या मावशी लादी पुसत होत्या. त्यांनी वाकून बघितलं.

"बुडवलात ना? मना ठाव होता."

"मावशी, आता काय करायचं?"

"गप ऱ्हावा, बाई."

सकाळी वात बदलताना ज्योत सांभाळायला मी पेटवलेली पणती मावशींनी विझवलीच नव्हती. ती ओट्यामागे तेवत होती. चमच्यानं तेल उपसून, कोरडी वात लावून त्यांनी पणतीवरून दिवा पेटवला. "विस्तव तोच हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लादीला लागल्या.

इतक्यात वन्सं आल्या. "वहिनी, धूर कसला?"

"वात बदलली," मी म्हणाले. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, त्यामुळे एवढंच जमलं.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर वन्संनी माझा हात धरला. मी सगळं कबूल करणार, तेवढ्यात त्याच कुजबुजल्या,

"वहिनी, रागावू नका. तिसऱ्या दिवशी दिवा माझ्या हातून गेला होता. मी गुपचूप काडी ओढली."

"अहो, मग ऑपरेशन?"

"गुडघा दुखत होता हो फार."