दाजींच्या कोपरावरची माशी

साताऱ्याहून सांगलीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कंदी पेढ्यांचा डबा होता आणि शेजारी दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेढे सांगलीच्या डॉक्टरीणबाईंसाठी. त्यांनीच मागे दाजींना बारा महिने कुष्ठरोगाच्या गोळ्या दिल्या होत्या. दाजी त्या गोळ्यांनी काळे पडले, पण बरे झाले. आता नवा चट्टा उठलाय, एवढंच ताईने फोनवर सांगितलं. कुठे, ते मी विचारलंच नाही.

कराडला चहा घेताना दाजी पहिल्यांदा बोलले.

"उलटला आसंल तर परत बारा महिने. न्हाई गड्या. ह्या खेपंला आपण गिळणार न्हाई."

मी मोठ्याने हसलो. हौशी नाटकांत जन्म गेल्यावर हसू कधीही काढता येतं.

इस्लामपूरच्या अलीकडे आमची गाडी उसाच्या ट्रॉलीला खेटून थांबली. मी खिडकीतून एक तुरा (उसाचा पिसासारखा फुलोरा) मोडून घेतला. दाजी पेंगत होते. बाही वर सरकलेली, कोपराजवळ फिकट चट्टा. चट्टा बधिर म्हणजे रोग, एवढं माझं वैद्यकशास्त्र. तुरा हळूच फिरवला. दाजी ढिम्म. पुन्हा फिरवला, जोरात.

पुढच्या सीटवरची आजी वळली. "माशी हाय व्हय?"

"हाय," मी म्हणालो. आष्ट्यापर्यंत ताईला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवली. एकही धड जमलं नाही.

सांगलीत भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) घेतलं. दाजींनी माझीही पुडी संपवली.

दवाखान्यात शिरताच मी बाईंना सांगून टाकलं, की कोपराला काही कळत नाही, मी तपासलंय. कशाने, असं त्यांनी विचारल्यावर खिशातून तुरा काढावा लागला.

"तो जुना चट्टा," बाई म्हणाल्या. "रोग गेला तरी बधिरपणा मागे राहू शकतो. नवा दाखवा."

नवा खांद्यावर होता, गोल, लालसर. बाईंनी कापसाची वात वळली, दाजींना डोळे मिटायला लावले आणि वात टेकेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. बोट बरोबर जागी. पुन्हा बरोबर. मग दाजी वळवळले.

"आवं बाई, गुदगुल्या हुत्यात."

बाईंनी हातापायाच्या नसा चाचपल्या, चट्ट्याचा कोंडा खरवडून काचेवर पाहिला. नायटा निघाला. तरी बजावलं, की नवा बधिर चट्टा दिसला तर लगेच यायचं. रोग उलटला तरी गोळ्यांनी बरा होतो.

परतीला दाजी खांदा असा खाजवत होते, जणू सत्कारात शाल मिळालीय. मला अजून धीर नव्हता. कराड मागे पडल्यावर विचारलं, "आणि पुढे कधी उलटलाच तर?"

दाजींनी माझ्या खिशातून डोकावणाऱ्या तुऱ्याकडे बोट केलं.

"तर गिळीन. पण आदी तुझी ती माशी फेकून दे."

मी खिडकी उघडली.