आतेची चौकटीतली माफी

वालावलच्या आतेची मी आयुष्यात एकदाच लेखी माफी मागितली, आणि तिला मिळाले एकशे बारा चौकोन.

चूक माझीच होती. घरच्या एका बारशाला, सगळ्यांच्या देखत, मी मोडीला ‘मेलेली लिपी’ म्हणालो होतो. (मी मालवणात संगणकाचे वर्ग चालवतो, असली मतं फुकट वाटायची सवय असते.) आते चौऱ्याऐंशीची, आजोबांकडून मोडी शिकलेली, अजूनही वाणसामानाची यादी मोडीत लिहिणारी. पुढे दोन महिने ती माझ्याशी बोललीच नाही.

मग मी शक्कल लढवली. मजकूर साध्या मराठीत टाइप केला, एका प्रोग्रामने त्याची मोडी करून दिली आणि ती मी आतेच्या फोनवर पाठवली. पाच मिनिटांत तिचाच फोन आला.

“चौकोन कित्याक धाडलंस? माझी मस्करी करतंस?”

मी समजावलं, की संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. मोडीलाही आता मिळालाय. माझ्या फोनने नंबर बरोबर पाठवले, पण तिच्या जुन्या फोनात त्या नंबरांची अक्षरंच नाहीत, म्हणून तो रिकामी चौकट दाखवतो.

“म्हणजे तुझो फोन शाणो आणि माझो अडाणी,” आते म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शेवटी तोच मजकूर छापून तिच्या मुलाबरोबर, बबनबरोबर, पाठवला. आते विरघळली. भाच्याने आपल्यासाठी मोडी शिकून घेतली, असं तिने गावभर सांगितलं. प्रोग्रामचं मी बोललो नाही. तिथे बोलायला हवं होतं.

आठवड्याने बबन तिचं उत्तर घेऊन आला. दोन पानं, हाताने लिहिलेली, अस्सल मोडी. मला त्यातलं एक अक्षर लागेना. बबनलाही मोडी येत नाही. मी आतेला फोन करून सांगितलं, की पत्र वाचलं, मन भरून आलं. ती नुसती ‘बरां’ म्हणाली.

सोमवारी सकाळी बबनचा फोन. काल आते पहाटेपासून शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करत होती, नारळाचा रस काढून दुपारी तीनपर्यंत उंबऱ्यात बसली होती. मी का आलो नाही, एवढंच त्याने विचारलं.

तसाच वालावलला गेलो. आते मागच्या पडवीत होती. खूप काही ठरवून गेलो होतो, तोंडातून एकच वाक्य निघालं, “आते, माका मोडी वाचूक येणा नाय.”

तिने हात पुढे केला. पत्र घेतलं, चष्मा लावला आणि दोन्ही पानं मला वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं, ‘रविवारी जेवूक ये. फोनवर काय सांगू नको, सरळ ये.’ मला वर बघवेना.

मी म्हटलं, आता उत्तर लिहितो, इथेच, देवनागरीत, माझ्या हाताने. तिने वही दिली. गेल्या कित्येक वर्षांत सहीपलीकडे मी पेनाने काही लिहिलं नव्हतं. घाम गाळून चार ओळी लिहिल्या आणि वही पुढे केली.

आतेने चष्मा पुसला. वही जवळ धरली, लांब धरली, उजेडात नेली.

“पुता,” ती हळूच म्हणाली, “ही खंयची लिपी?”