ओस्मारची सीट

ओस्मार पाजेला बावीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसला, आणि तेवढ्या वर्षांत शर्यतीत आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. आमच्या फोर्डच्या इंजिनापुढे बोलणार कोण आणि ऐकणार कोण? मी चालवायचो, तो काटे आणि आरसा बघायचा. माझ्या गुडघ्यावर एक थाप म्हणजे मागून कुणी आलाय, दोन म्हणजे तेलाचा दाब उतरला, तीन म्हणजे पाणी तापलं. मांडीला चिमटा म्हणजे मी गाढव आहे. चिमटे पुष्कळ बसले.

एरवी तो शेतांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. फोर्डवाला असा कडवा, की शेवरोलेवाल्या जावयाला गाडी फाटकाबाहेर लावावी लागे. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजलं, की चरबीचा तुकडा हमखास जावयाच्या ताटात. बायको गेल्यावर मात्र हा माणूस जगला तो त्या सीटसाठीच. हे मला ठाऊक होतं, म्हणून सांगतो.

चौऱ्याऐंशी साली आमचा मेकॅनिक लिसार्दो हेल्मेटमधून बोलायचं यंत्र घेऊन आला. आता सगळे बोलतात म्हणे, थापाबिपा आजोबांच्या काळातल्या. ज्याला यंत्रावर बोलणं जमणार नाही, त्याने सीट सोडावी, हेही त्याने ओस्मारकडे बघत ऐकवलं.

सरावाला निघालो. पहिल्या वळणानंतर मी विचारलं, दाब किती? ओस्मारने अंगठा वर केला. मागे कोण आहे? पुन्हा अंगठा. मला शंका आली. मी म्हणालो, "ओस्मार, पुढच्या वर्षीपासून आपण शेवरोले चालवायची."

त्याने अंगठा वर केला.

आधी मला हसू फुटलं, मग उमगलं. गाडी कडेच्या गवतात घेतली, हेल्मेट काढलं आणि त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "तुला ऐकू येत नाही."

त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"सात वर्षं झाली," तो म्हणाला. "ओठांवरून कळतं. हेल्मेटमध्ये ओठ दिसत नाहीत. लिसार्दोला सांगणार?"

माझं डोकंच फिरलं. सात वर्षं हा माणूस माझ्या घरी कडू माते-चहा पितोय, माझ्या पोरीच्या लग्नात नाचलाय, आणि मला पत्ता नाही! तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं माझ्या ओठांवरून वाचलं, एकही शिवी सोडली नाही. बोलून दमलो तेव्हा मलाच लाज वाटली, कारण माझंही एक झाकलेलं होतं.

"ओस्मार, मला ते काटे दिसत नाहीत," मी म्हणालो. "जवळचं सगळं धूसर दिसतं. तीन वर्षं झाली."

"चार," तो म्हणाला. "कान गेले तेव्हा मी उतरणारच होतो, हिलारिओ. आज उतरतो, उद्या उतरतो, असं चाललं होतं. मग तू डोळे बारीक करायला लागलास. तुला एकट्याला कसा सोडू?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. संध्याकाळी यंत्र उपटून लिसार्दोच्या हातात दिलं आणि रविवारच्या शर्यतीचा अर्ज मागवला. अर्ज ओस्मारनेच भरला. मला रकाने दिसत नव्हते.