‘असलं तर पोरगंही काढेल’ हे पहिल्यांदा कोण म्हणालं?

मी अमूर्त चित्रं काढते. म्हणजे लालबागच्या हिशेबाने मी काहीच काढत नाही. प्रदर्शन कुठेही असो, कोणीतरी गृहस्थ चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहतात, मान तिरकी करतात आणि ते जगप्रसिद्ध वाक्य टाकतात, "असलं तर आमचं शेंबडं पोरगंही काढेल." वर आत्ताच सुचल्यासारखं बायकोकडे बघतात.

या वेळी ते आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच आलं. माझ्या प्रदर्शनाच्या आमंत्रणाखाली, शेजारच्या काकांकडून, हसऱ्या तोंडांसकट. माझं डोकंच फिरलं. खरं तर राग काकांचा नव्हता. आई आजवर माझ्या एकाही प्रदर्शनाला आली नव्हती, आणि लोक असं बोलतात याची तिला लाज वाटते, असं मी मनाशी धरून बसले होते. म्हटलं, हे वाक्य कोणी काढलं ते शोधायचंच.

काकांना जिन्यातच गाठलं. "माझं नाय गं ते," काका म्हणाले. "तुझ्या गिरगावच्या मावशीचं. गणपतीत आलेली तेव्हा सांगितलंन. पोट धरून हसलो आम्ही."

गिरगावात मावशी डाळिंब्या सोलत बसली होती. "माझं कुठलं? तुझ्या आईचं! मे महिन्यात लग्नाची खरेदी झाली की आम्ही बायका आर्ट गॅलरीत शिरायचो. फुकटचा एसी! घाम सुकेपर्यंत चित्रं बघायची. तिथे म्हणाली ती. आम्ही इतक्या हसलो की वॉचमन धावत आला."

आई? मी तणतणत घरी आले. आई मोरीशी बसून बांगडे साफ करत होती.

"ते तू म्हणालीस?"

"मीच म्हटलं गो. तू तेव्हा बालवाडीत. भिंत, फ्रिज, बाबांची पँट, रंगवायचं काही म्हणून सोडलं नव्हतंस. ते भलंमोठं चित्र बघितलं नि म्हटलं, असलं तर माझी पोरगी पण काढील. मला खरंच तसं वाटलं. तर ह्या सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या. वॉचमनसुद्धा! माझ्या पोरीला हसतात म्हणजे काय? त्यानंतर कुठल्या गॅलरीत पाय नाय ठेवला मी."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्याजवळ मोरीशी बसले आणि विचारलं, "मग शनिवारी प्रदर्शनाला येशील?"

आईने बांगड्याचं डोकं उडवलं.

"येते. बघते ना, आता कोण हसतं ते."